तिकांड्याखालचा ढग

दिवाळीचा सण नेमका अमावास्येला कोणी बसवला ते मला ठाऊक नाही. पण ज्याने बसवला तो मोठा रसिक असला पाहिजे. पौर्णिमेच्या रात्री पणत्या लावून काय करायच्या? उजेडाची शोभा पाहायची तर भोवती काळाकुट्ट अंधार हवा, हे त्याने बरोबर ओळखले होते. आपण मात्र या जोडीतल्या एकाचेच नाव लक्षात ठेवले. पणत्या आल्या, विजेच्या माळा आल्या, आकाशकंदील आले, आणि ज्याच्या अंगावर हे दागिने चढवायचे त्या अंधारालाच आपण घराबाहेर काढले. या अंकात दिव्यांविषयी लिहिणारे पुष्कळ असतील. म्हणून या खेपेला मी अंधाराचे वकीलपत्र घेतले आहे. ते मला आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या एका तरुण सहकाऱ्याने दिले, आणि फी म्हणून त्यानेच काढलेला एक फोटो दिला.

तो फोटो माझ्या लिहायच्या टेबलावर काचेखाली ठेवला आहे. काळ्याभोर आकाशात गुलाबी-तांबूस धुराचा एक मोठा लोट, दोन्ही बाजूंना पंखांसारखा पसरलेला. मध्यभागी डोळे दिपतील असा पांढरा उजेड. वरच्या अंगाला निळसर कापूस पिंजून ठेवावा तसा दुसरा लहानसा ढग, आणि त्याच्याही वर निळ्या-पांढऱ्या ताऱ्यांचा छोटा घोळका. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी एकाला ते जास्वंदीचे फूल वाटले, दुसऱ्याला झेपावणारी घार वाटली, आणि आमच्या सौभाग्यवतींना रंगपंचमीनंतरचा माझा सदरा वाटला. वस्तुतः ती बाळंतिणीची खोली आहे. तिथे तारे जन्माला येतात.

ही खोली कुठे आहे ते आधी सांगतो. थंडीच्या दिवसांत रात्री वर पाहिले की तीन ठळक तारे एका ओळीत, सारख्या अंतरावर दिसतात. पुराणातल्या कथेप्रमाणे हा मृगाच्या अंगात रुतलेला व्याधाचा बाण. आमच्या वाळवे तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या तोंडी त्याचे नाव तिकांडे. माझ्या आईला 'मृग' म्हटले की जूनमधला पहिला पाऊस आणि लाल मखमली किडा आठवतो; आकाशातला मृग तिला ठाऊक नाही. पण 'तिकांडं' म्हणा, लगेच बोट वर जाते. या तिकांड्याच्या जरा खाली, दक्षिणेच्या अंगाला, तीन अंधुक तारे लोंबताना दिसतात. त्यांतला मधला नीट न्याहाळला तर तारा वाटत नाही. ओल्या बोटाने पुसल्यासारखा वाटतो. तोच हा ढग. मराठीत त्याला मृगातला तेजोमेघ म्हणतात, इंग्रजीत ओरायन नेब्युला.

या तेजोमेघाच्या मागे त्याच्याहून कितीतरी मोठा, थंड आणि काळा असा वायूचा आणि धुळीचा ढग आहे. त्यात ठिकठिकाणी वायू आपल्याच भाराने आत आत गोळा होतो, गोळा होताना तापतो, आणि पुरेसा तापला की तारा पेटतो. आपल्याला दिसते ते त्या काळ्या ढगाच्या अलीकडच्या बाजूला पडलेले एक खिंडार. आत जन्मलेल्या चार तेजस्वी ताऱ्यांनी, त्यांतही मुख्यतः एकाने, ते उजळून टाकले आहे. हबल दुर्बिणीने घेतलेले या भागाचे एक मोठे चित्र २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात तीन हजारांहून अधिक तारे मोजता आले. काही ताऱ्यांभोवती धुळीच्या चकत्या आहेत. पुढे त्यांतून ग्रह घडू शकतात.

वयाचा हिशेब मी माझ्यापुरता मांडून पाहिला. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आणि माझे ४६. म्हणजे माझे एक वर्ष ते सूर्याची दहा कोटी वर्षे. त्या ढगाच्या मध्यावरचे तारे दहा लाख वर्षांच्या आतबाहेरचे आहेत. त्रैराशिक केले तर ही बाळे साडेतीन-पावणेचार दिवसांची ठरतात. त्यांची अजून पाचवी व्हायची आहे. सटवाई कपाळावर काही लिहायला आलेली नाही. आपल्याकडे पूर्वी बाळंतिणीची खोली काळोखी ठेवत. विश्वातही तोच शिरस्ता दिसतो.

हा ढग आपल्यापासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे माझ्या टेबलावरच्या फोटोतला उजेड तिथून निघाला तेव्हा आपल्या या मुलखावर बदामीच्या चालुक्यांचा अंमल होता. मराठीच्या प्राध्यापकाला याहून वेगळाच हिशेब सुचतो. आक्षीचा मराठी शिलालेख इ. स. १०१२ चा. तो कोरला गेला तेव्हा या उजेडाने निम्म्यापेक्षाही कमी वाट उरवली नव्हती असे मी म्हणणार होतो, पण गणित केले तर तीन-चतुर्थांश वाट अजून शिल्लक होती. १२९० साली ज्ञानेश्वरी सांगून झाली तेव्हाही निम्म्याहून अधिक वाट बाकी होती. आपल्या सगळ्या साहित्याचा इतिहास या उजेडाने प्रवासातच काढला आहे.

अशा ढगाचा फोटो काढण्याची कल्पना काही नवी नाही. अमेरिकेतल्या हेन्री ड्रेपर नावाच्या डॉक्टरने ३० सप्टेंबर १८८० रोजी याच ढगाचा फोटो काढला. तेजोमेघाचा जगातला पहिला फोटो तो. काच सुमारे पन्नास मिनिटे उघडी ठेवावी लागली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८३ मध्ये, इंग्लंडात अँड्र्यू कॉमन या गृहस्थाने आपल्या घराच्या बागेत उभारलेल्या ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून त्याहून सरस फोटो घेतला. हा मनुष्य पेशाने सांडपाण्याच्या व्यवस्थेचा इंजिनियर. पण दुर्बिणीला डोळा लावूनही जे तारे कुणाला कधी दिसले नव्हते ते त्याच्या काचेवर उमटले. माणसाच्या डोळ्यापेक्षा फोटोची काच अधिक पाहू शकते हे तिथे सिद्ध झाले.

या इतिहासातला मला सर्वांत प्रिय असलेला अध्याय मात्र पुण्यात घडला आहे, आणि तो आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असतो. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढच्या इंजिनियरिंग कॉलेजात, कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे एक पारशी प्राध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ साली पाच हजार रुपयांची देणगी दिली, तितकीच रक्कम मुंबई सरकारने घातली, आणि १८८८ पर्यंत कॉलेजच्या आवारात महाराजांच्या नावाची वेधशाळा उभी राहिली. तिथल्या मोठ्या दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडून नायगमवालांनी जी कामे केली त्यांतले एक याच मृगातल्या ढगावरचे.

त्या वेळी वाद असा होता. ढगाच्या उजेडाचे त्रिकोणी काचेतून पृथक्करण केले तर त्यात एक ठळक हिरवी रेषा दिसे. ती कोणत्या पदार्थाची ते कुणालाच उलगडत नव्हते. लंडनचे नॉर्मन लॉकियर हे बडे प्रस्थ. 'नेचर' हे विख्यात नियतकालिक त्यांनीच सुरू केलेले. त्यांचे मत असे की हे ढग म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे आहेत आणि ती रेषा तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची उरलेली कड आहे. तसे असेल तर रेषेची एक बाजू विरत गेलेली दिसायला हवी. नायगमवालांनी पुण्याच्या आकाशाखाली ती पुन्हा पुन्हा पाहिली. रेषा दोन्ही बाजूंनी सुरीने कापल्यासारखी स्वच्छ होती. हे निरीक्षण १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. पुढे ३६ वर्षांनी, १९२७ मध्ये, आयरा बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने कोडे सोडवले. ती हिरवी रेषा ऑक्सिजनची निघाली. आपण श्वासाबरोबर घेतो तोच ऑक्सिजन. पण तिथे वायू इतका विरळ की त्याला हा हिरवा रंग उधळायला सवड मिळते.

आता गंमत पाहा. याच पुण्यात, याच काळात, लोकमान्य टिळक वेदांचा काळ ठरवण्यासाठी मृग नक्षत्रच हाताशी धरून बसले होते. त्यांचा 'ओरायन' हा ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांच्या अंतराने एकाच शहरातल्या दोन माणसांनी आकाशातल्या एकाच कोपऱ्याला हात घातला. एकाने त्यात आपल्या पूर्वजांचे वय शोधले, दुसऱ्याने त्याच्या उजेडाचा धागा उसवून पाहिला. टिळकांचे पुस्तक आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात आहे आणि ते असायलाच हवे. नायगमवालांचे नाव मात्र मी चाळिशी ओलांडल्यावर, तेही आमच्या या तरुण सहकाऱ्याच्या तोंडून ऐकले. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा मिटली आणि यंत्रे कोडाईकनालला रवाना झाली. पुण्यातल्या हौशी मंडळींनी पुन्हा आकाशाकडे संघटितपणे पाहायला सुरुवात केली ती १९४४ साली, ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन करून. ती संस्था आजही चालू आहे.

आमचे विज्ञानवाले (कॉलेजात त्यांना सगळे याच नावाने हाक मारतात) त्याच कुळीतले. त्यांच्याकडे वेधशाळा नाही. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका गृहस्थाकडून घेतलेला जुना कॅमेरा आहे, एक लांब भिंग आहे, आणि एक ठेंगणे मोटरचे यंत्र आहे. हे यंत्र कशाला? पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणजे मिनिटाला पाव अंश. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी अर्धा अंश. तेव्हा कॅमेरा मिनिटभर उघडा ठेवला तर तेवढ्यात तारा अर्ध्या चंद्राएवढा सरकतो आणि फोटोत ठिपक्याऐवजी शेवया येतात. म्हणून यंत्राने कॅमेऱ्याला पृथ्वीच्या उलट, त्याच संथ गतीने फिरवत ठेवायचे. त्यासाठी यंत्राचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो. इस्लामपुराहून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर, उत्तरेच्या धुरकटीत असतो. ऊसतोडीच्या दिवसांत पाचट पेटले की तो दिसेनासा होतो. शिवाय ध्रुव तरी कुठे अढळ आहे? खऱ्या उत्तरबिंदूपासून तो चंद्राच्या रुंदीपेक्षा थोडा अधिकच बाजूला आहे. हे ऐकून मला बाळ ध्रुवाविषयी वाईट वाटले, पण विज्ञानवाल्यांनी यंत्राचा स्क्रू तेवढा फिरवला आणि कामाला लागले.

कॅमेऱ्यातही एक खुबी आहे. माणसांचे चेहरे लालभडक येऊ नयेत म्हणून कारखान्यात आत एक काच बसवलेली असते. तीच काच या ढगातल्या हायड्रोजनचा तांबडा उजेडही बराचसा अडवते. विज्ञानवाल्यांनी ती काढून घेतली आहे. आता त्या कॅमेऱ्याने नवरा-नवरीचा फोटो काढला तर दोघेही उन्हातून चालत आल्यासारखी दिसतील, पण मृगातला ढग आपल्या खऱ्या रंगात येतो.

इतके करूनही एका फोटोत काही विशेष दिसत नाही. खरी युक्ती पुढे आहे, आणि ती मला चटकन कळली, कारण ती आमच्याच धंद्यातली निघाली. समजा, एका जुन्या ग्रंथाच्या साठ पोथ्या आहेत आणि एकही शुद्ध नाही. पण प्रत्येक लेखनिकाच्या चुका वेगळ्या जागी असतात. सगळ्या पोथ्या शेजारी मांडल्या की जे साठांत सारखे आहे ते मूळचे, आणि जे एखाद्याच पोथीत आहे ते लेखनिकाचे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुढच्या संपादकांनी हीच वाट अधिक शिस्तीने तुडवली. आकाशाच्या फोटोचेही तसेच. मिनिटामिनिटाचे साठ फोटो काढायचे. प्रत्येकात कॅमेऱ्याने आपल्या पदरची कणी-कणी मिसळलेली असते, पण ती दर वेळी निराळ्या जागी पडते. ढग मात्र साठही वेळा जागच्या जागी असतो. साठ फोटो एकावर एक रचले की कणी विरते आणि ढग वर येतो. अर्थात साठ फोटोंनी खोट साठपट कमी होत नाही. हिशेबाने ती पावणेआठ पटच कमी होते. आकाश फुकट काही देत नाही. शिवाय भिंगावर झाकण लावून वीसेक फोटो वेगळे काढायचे, म्हणजे कॅमेऱ्याचे अंगचे दोष तेवढे नोंदले जातात आणि मागाहून वजा करता येतात. मध्यावरचा पांढरा उजेड जळून जाऊ नये म्हणून काही फोटो दोन-चार सेकंदांचेही लागतात.

हे सगळे गच्चीवरून का होत नाही? होते, काही वर्षांपूर्वीपर्यंत विज्ञानवाले ते गच्चीवरूनच करत. ढगाचा गाभा ठळक आहे, तो गावातूनही सापडतो. पण त्याचे ते पसरलेले पंख फार फिके आहेत. गावावरचे आकाश जसजसे उजळत गेले तसतसे फोटोतले पंख झडत गेले. मग विज्ञानवाले गच्चीवरून गावाबाहेरच्या मळ्यात गेले, मळ्यातून येडेनिपाणीच्या मल्लिकार्जुनाच्या डोंगराकडे गेले, आणि आता शिराळ्याच्या पुढे वारणेच्या खोऱ्यात जातात. दर तीन-चार वर्षांनी अंधार चार कोस मागे हटतो आणि हा गृहस्थ स्कूटरवर कॅमेरा बांधून त्याच्या मागे निघतो.

गेल्या पौषातल्या अमावास्येला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. घरून निघताना सौभाग्यवतींनी विचारले, "अवसेच्या रात्री रानात जायला तुम्हांला दुसरा दिवस नाही का मिळाला?" दुसरा दिवस नसतो हे मी समजावून सांगितले, चंद्र असला की फिके ढग बुडतात. त्यांनी थर्मासमध्ये चहा भरून दिला आणि वर एक मफलर दिला. एका ओळखीच्यांच्या शेताच्या कडेला, माळावर, आम्ही यंत्र मांडले. दहाच्या सुमारास तिकांडे माथ्यावर आले. माझ्याकडे काम दोनच: लाल कागद गुंडाळलेली बॅटरी धरायची आणि वहीत वेळा लिहायच्या. लाल उजेडाने अंधाराला सरावलेला डोळा बिघडत नाही. अमावास्येच्या मध्यरात्री, माळावर, तीन पायांच्या घोड्याभोवती, लाल दिवा घेऊन वाकलेले दोन इसम! पाहणाऱ्याला काय वाटेल याचा विचार आम्ही केला नव्हता. तो दुसऱ्याने केला.

पांढऱ्याफटक बॅटरीचा झोत एकदम तोंडावर आला आणि चौतिसावा फोटो वाया गेला.

"कोन हाय रं तिकडं?"

"आम्ही इस्लामपूरच्या कॉलेजातले मास्तर आहोत," मी म्हणालो.

"मास्तर? आन् अवसंच्या राती हितं काय उकरताय?"

पंप चालू करायला आलेला म्हातारा शेतकरी होता तो. विजेची रात्रीची पाळी होती, उसाला पाणी द्यायचे होते. आम्ही गुप्तधन काढायला आलो आहोत अशी त्याची खात्री झाली होती. विज्ञानवाले नम्रपणे म्हणाले, "काका, उकरत काही नाही. वर बघा. तिकांडं दिसतंय ना?"

"दिसतंय की. माजा बा तिकांडं कललं की मोट जुपाया उटायचा. त्यायेळी घड्याळ कुटलं?"

विज्ञानवाल्यांनी कॅमेऱ्याच्या पाठीवरचा नुकताच निघालेला फोटो त्याला दाखवला. म्हातारा बराच वेळ एकदा त्या काचेकडे आणि एकदा वर पाहत राहिला.

"ह्ये तितं हाय?"

"तिथंच. तिकांड्याच्या खाली."

"मग आमाला कसं दिसलं न्हाई एवढ्या वर्सांत?"

"डोळा साठवत नाही, काका. आलेलं लगेच टाकून देतो आणि नवं घेतो. हा कॅमेरा मिनिटभर साठवतो."

म्हातारा बसला. त्याला चहा दिला. मी अंधाराचे गुणगान सुरू केले. वर्गात बोलायची सवय, ती रानातही सुटत नाही. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "अंधार तुमास्नी ग्वाड लागतोय सर, कारन तुमी सकाळी घरी जानार. आमास्नी रातच्याला उसात शिराया लागतंय. बिबट्या हाय, जनावर हाय. मागल्या साली वस्तीवरचं कुत्रं न्हेलं. उजेड नको म्हनू नका."

या युक्तिवादापुढे माझे वकीलपत्र तिथेच संपले असते. कृष्णा-वारणेच्या काठच्या उसात बिबट्या राहतो ही काही कवीची कल्पना नव्हे, आणि ज्याला रात्री पाणी पाजायचे आहे त्याला अंधाराचे सौंदर्य सांगणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगणे. पण विज्ञानवाले वाद घालत नाहीत. ते म्हणाले, "काका, तुमच्या वस्तीवरचा दिवा बघू." आम्ही गेलो. गोठ्याच्या आढ्याला एक झगझगीत बल्ब उघडाच टांगला होता. त्याच्याकडे पाहिले की डोळे दिपत आणि पलीकडे दावणीशी काय आहे ते काहीच दिसत नसे. निम्मा उजेड तर आभाळात जात होता. विज्ञानवाल्यांनी तेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा मागितला, तो उभा चिरला, आणि बल्बवर टोपीसारखा बसवला. अंगणात, दावणीपासून उसाच्या बांधापर्यंत, उजेडाचे वर्तुळ पडले. बल्ब मात्र दिसेना.

म्हाताऱ्याने अंगणातून दोन फेऱ्या मारल्या. "आता बांध दिसतोय की," तो म्हणाला. "मगाशी नुसता बलप दिसत हुता."

त्या रात्रीपासून मला हा प्रश्न निराळा दिसू लागला आहे. गावात उजेड हवाच. बायकामुलांना रात्री निर्धास्त चालता आले पाहिजे, शेतकऱ्याला बांधावरचे जनावर दिसले पाहिजे. पण दिवा लावायचा तो वाट पाहण्यासाठी; मग तो वाटेकडे पाहणारा असावा. रस्त्यावरचे, दुकानांच्या पाट्यांवरचे, बंगल्यांच्या फाटकांवरचे आपले निम्मे दिवे डोळे वर करून बसलेले असतात. वरती त्यांना कुणाला वाट दाखवायची आहे? विजेचे बिल मात्र तेवढेच येते. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तिथे भोवतालच्या गावांतले दिवे काढून टाकून हे साधलेले नाही. दिव्यांची तोंडे खाली वळवण्यावर भर दिला गेला. पत्र्याच्या डब्याचीच ती मोठी आवृत्ती. आमच्याकडे चांदोलीचे जंगल आहे, वारणेचे खोरे आहे. तिथला अंधार अजून बराचसा शाबूत आहे. तो तसा राहील की नाही, हे आपण पुढचा दिवा कसा टांगतो यावर ठरेल.

घरी परतलो तेव्हा उजाडत होते. विज्ञानवाल्यांनी वाया गेलेले वगळून साठ फोटो निवडले, आठवडाभर ते एकावर एक रचले, आणि पंखांसकट ढग वर आला. त्याची एक प्रत त्यांनी मला दिली, दुसरी त्या शेतकऱ्याला नेऊन दिली. गोठ्याच्या भिंतीवर, देवाच्या कॅलेंडरशेजारी, तो चिकटवला आहे असे कळते. नायगमवालांचे नाव त्याखाली लिहायला मी सुचवले होते. विज्ञानवाल्यांनी ते शाईने लिहिले आहे.

वाचकांना मी दिवे विझवा म्हणत नाही. दिवाळीच्या अंकात तसे म्हणायची माझी छाती नाही. एवढेच करा. नरकचतुर्दशीला पहाटे पाचला तुम्ही उठालच. बंब तापेपर्यंत, अंगाला तेल मुरेपर्यंत, थोडा वेळ हाताशी असतो. तेवढ्यात अंगणातली नाहीतर गच्चीतली माळ बंद करा, फटाक्यांचा धूर चढायच्या आत दक्षिणेकडे तोंड करा आणि मान चांगली वर करा. तिकांडे माथ्यावरून जरा पश्चिमेला कललेले असेल. डोळ्यांना दहा-पंधरा मिनिटे अंधाराची सवय होऊ द्या आणि त्याच्या खालचा तो पुसट ठिपका शोधा; घरात जुनी दुर्बीण असेल तर ती लावा. आणि घरात कुणी आजी-आजोबा असतील तर त्यांनाही शाल पांघरून बाहेर आणा. त्यांच्यापाशी मृग म्हणू नका, तिकांडे म्हणा. तिकांडे तेच तुम्हांला दाखवतील. खालचा ढग तेवढा तुम्ही त्यांना दाखवा.